बाजाराचे नाव संस्कृतीला नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत वशिंडाच्या बैलाच्या आकाराचे मातीचे भांडे छापले आहे. खाली ओळ आहे, 'अमलश संस्कृती, इराण'. भांडे देखणे आहे; ओळ मात्र दुरुस्त करायला हवी.

अमलश हे उत्तर इराणमधल्या गिलान प्रांतातले बाजाराचे गाव. १९५०च्या दशकात आसपासच्या डोंगरांतली थडगी चोरून उकरली गेली, माल या बाजारातून बाहेर पडला आणि व्यापाऱ्यांनी सगळ्यालाच 'अमलश' नाव चिकटवले. लासलगावच्या बाजारात आला म्हणून प्रत्येक कांदा लासलगावच्या शेतातला ठरत नाही, तसेच हे. पुढे १९६१-६२ मध्ये इराणी पुरातत्त्वज्ञ एझत नेगाहबान यांनी रुदबारजवळच्या मार्लिक टेकडीवर रीतसर उत्खनन केले. तिथे ५३ थडगी, सोन्याचे पेले, काशाची हत्यारे आणि असेच मातीचे बैल मिळाले. काळ, ढोबळमानाने इसवी सनपूर्व दुसऱ्या सहस्रकाची अखेर आणि पहिल्याची सुरुवात.

लेखात याला 'शोभेची मूर्ती' म्हटले आहे, तेही पटत नाही. मुस्कटाची पन्हळ केलेली असते, ती ओतण्यासाठी. पन्हळ उघडी असल्याने खालून द्रव येतो आणि वरून हवा आत जाते. तिथे बारीक भोक असते तर भांडे गुडगुडत, गचके देत ओतले असते. वशिंडाएवढा गोळा भरीव ठेवला तर आतल्या ओलीची भट्टीत वाफ होते आणि भांडे फुटते, म्हणून जाड भाग पोकळ घडवावे लागतात. शिंगे पोटाआधी वाळतात आणि सांध्यावर तडकतात. चकाकी झिलईची नाही, घोटण्याची आहे. माती बोट न उमटण्याइतकी घट्ट पण अजून ओलसर असतानाच घोटावी लागते. आधी घोटली तर फासते, नंतर घोटली तर नुसते ओरखडे उठतात.

या बैलांच्या नकलाही भरपूर झाल्या. उष्मादीप्ती चाचणीत भुकटी तापवून निघणाऱ्या प्रकाशावरून, भांडे भाजल्यापासून मातीत किती किरणमात्रा साठली हे मोजतात आणि त्यावरून वय काढतात. त्यासाठी तळाच्या झाकल्या भागातून चिमूटभर भुकटी काढतात. तीन हजार वर्षांपूर्वीचे भांडे आणि पन्नास वर्षांपूर्वीचे, एवढा फरक तिने नक्की कळतो. शतक कळत नाही. नमुना क्ष-किरण तपासणीच्या आधी घ्यावा, कारण त्या किरणांची मात्रा मोजणीत मिसळते आणि भांडे आहे त्याहून जुने भासते. जुन्या खापराला नवी शिंगे जोडणारेही असतात, म्हणून एकाच जागेच्या भुकटीवर भागत नाही. आतून धुणे तर टाळावेच. काय ओतले जात होते याचा काही अंश उरला असेल तर तो पहिल्याच पाण्यात जातो.

आणि भांडे कुठल्या थडग्यात, कशाशेजारी होते, हे कोणतीच चाचणी सांगत नाही. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावचा मातीचा बैल साधारण त्याच युगातला. तो घराच्या जमिनीखाली सापडला, झाकणाच्या मातीच्या पेटीवर, बिनडोक्याच्या स्त्रीमूर्तीसोबत. पेटीत आणखी एक स्त्रीमूर्ती होती. बैलाच्या पाठीत भोक आणि बिनडोक्याच्या मूर्तीच्या पोटात भोक, म्हणजे काडी घालून ती मूर्ती बैलावर बसवायची. दोन्ही वस्तू वेगवेगळ्या विकल्या गेल्या असत्या तर ही जोडी कुणाला जुळवता आली असती?

तेव्हा छायाचित्राखाली 'अमलश शैलीचे भांडे, उत्तर इराण. सापडल्याचे ठिकाण नोंदलेले नाही' अशी दुरुस्ती छापावी. भांडे मार्लिकच्या उत्खननातलेच असल्यास तसे लिहून थडग्याचा क्रमांक द्यावा.

— पुरातत्त्वाचे काही अभ्यासक, पुणे