नियाच्या पाट्या दाखवणार आहात की नाही, मंत्रीसाहेब?

मा. केंद्रीय सांस्कृतिक मंत्री, सप्रेम नमस्कार.

काल तुमच्या खात्याखालच्या एका कार्यालयाचा मेल आला, दिल्लीतल्या स्टाइन संग्रहातल्या, म्हणजे ऑरेल स्टाइन या पुरातत्त्व संशोधकाने मध्य आशियातून आणलेल्या वस्तू "तांत्रिक कारणास्तव" बघता येणार नाहीत. मागच्या वर्षी याच लोकांनी परवानगी मिळेल असं लेखी कळवलेलं, त्या भरवशावर मी पीएचडीचा विषय नक्की केला, नोकरी सोडली, घरच्यांची बोलणी खाल्ली. आता गाइडला काय तोंड दाखवू?

या वस्तू कुठल्या ते तरी तुम्हाला कोणी सांगितलंय का? आजच्या पश्चिम चीनमधल्या ताकलामाकान वाळवंटाच्या दक्षिण कडेला, कुनलुन पर्वताच्या बर्फाचं पाणी पिऊन जगलेलं निया नावाचं गाव होतं, द्राक्षमळे, फळबागा, मधोमध स्तूप. तिसऱ्या-चौथ्या शतकानंतर माणसं गेली, वाळू चढली. 1901 साली ऑरेल स्टाइनने तिथे सर्व्हे करून खोदलं आणि एका पडक्या घराच्या उकिरड्यातून 200 च्या वर लाकडी पाट्या काढल्या, काहींवर दोरी आणि मातीचा शिक्का जसाच्या तसा! लिपी खरोष्ठी, म्हणजे आपल्या वायव्येकडची उजवीकडून डावीकडे लिहायची जुनी लिपी, भाषा प्राकृत. कोणाचा उंट नेला, कोणाची जमीन बळकावली, आणि राजा तिथल्या अधिकाऱ्याला लिहितो की पाटी मिळताच स्वतः चौकशी कर, कायद्याने निकाल दे. सतराशे वर्षांपूर्वी वाळवंटातल्या माणसाच्या उंटाची दाद घेतली जात होती साहेब, आणि मला आलेल्या मेलखाली साधं अधिकाऱ्याचं नावसुद्धा नाही.

स्टाइनच्या मोहिमांना हिंदुस्थान सरकारचा पैसा लागला, म्हणजे इथल्या रयतेचाच. म्हणून तर वाटणीत दिल्लीला एवढं आलं, 11 हजारांच्या आसपास वस्तू आहेत म्हणतात. लंडनच्या वाट्यातल्या पाट्यांचे फोटो मी पुण्यात बसून मोठे करून वाचते, आणि आपल्याच देशात आहे ते मात्र बघायला मिळत नाही. चीन-जपानच्या टीमने नव्वदच्या दशकात नियाचा पुन्हा सर्व्हे केला, 1995 ला तिथल्या थडग्यांत रेशीम सापडलं, त्यावर जगभर लिहिलं गेलं. आपण काय केलं?

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीबरोबर प्राकृतलाही अभिजात दर्जा दिलात, आम्ही पेढे वाटले. पण खरोष्ठी शिकवणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत, पदं भरत नाहीत, पोरं तासिका तत्त्वावर राबतात, उत्खननं होतात आणि रिपोर्ट यायला एक पिढी जाते. फाइल अडवणाऱ्याला कधी कोणी जाब विचारत नाही, वय आमचं जातं.

मला सत्कार नको, अनुदान नको. दिल्लीतल्या संग्रहाचे फोटो लोकांसाठी खुले करा, आणि माझ्या अर्जावर नकार कोणी दिला त्याचं नाव आणि खरं कारण सहीनिशी कळवा.

प्राकृतची एक विद्यार्थिनी, पुणे