पाचव्या मजल्यावरील काकांना, मनापासून आभार

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

मे महिन्याच्या 19 तारखेला रात्री आपण आमच्या घरी येऊन दोन तास बसलात. त्या वेळी मी दारात उभी राहून आभार मानले, पण तेवढ्याने माझे समाधान झाले नाही. शिवाय घरचे वायफाय सुरक्षित कसे ठेवायचे याबद्दल आपण जे समजावून सांगितलेत ते नेरूळमधल्या आपल्या इमारतीतील प्रत्येक घराला उपयोगी आहे, म्हणून हे पत्र सर्वांसमोर ठेवत आहे.

मी ज्यांचे हिशेब पाहते त्या अकरा दुकानदारांची दुसऱ्या दिवशी जीएसटी विवरणपत्रे भरण्याची अखेरची मुदत होती आणि आमचे इंटरनेट रोज रात्री आठनंतर जवळजवळ थांबत होते. कंपनीकडे तक्रार केल्यावर मोठा प्लॅन घेण्याचा सल्ला मिळाला. आपण मात्र आधी वहीचा एक कागद मागितलात. राउटरच्या सेटिंगच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी मला उघडायला लावलीत, तर तिथे चौदा नावे होती. मग घरातील एकेका उपकरणाचे वायफाय मला बंद करायला लावून यादीतले कोणते नाव गेले ते आपण कागदावर टिपत गेलात. दोन फोन, लॅपटॉप, टीव्ही, प्रिंटर आणि मुलाचा टॅब असे सहा आमचे निघाले. उरलेल्या आठांकडे पाहताना माझ्या पोटात गोळा आला, कारण त्याच नेटवर्कवरच्या लॅपटॉपमध्ये माझ्यावर विश्वास टाकणाऱ्या माणसांचे सगळे हिशेब आहेत. ते आठ जण कोण, हे शोधायला मी निघाले होते. "शेजाऱ्यांवर संशय घेत बसू नका, कुलूप बदला," असे आपण म्हणालात. त्या एका वाक्याने इमारतीतला किती कडवटपणा टळला, हे मला नंतर जाणवले.

आमचा पासवर्ड म्हणजे माझा मोबाइल नंबर होता. राउटर बसवायला आलेल्या मुलाने तो ठेवला आणि मी तसाच राहू दिला. तोच नंबर खाली माझ्या पाटीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेला आहे, हे आपण दाखवेपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते. पाटी नसती तरी धोका होताच. आपला फोन राउटरला जोडला जाताना होणारी देवाणघेवाण बाहेरचा माणूस टिपून घेऊ शकतो आणि नंतर स्वतःच्या संगणकावर निवांत एकेक आकडा लावून पाहू शकतो. नुसत्या दहा आकड्यांचा पासवर्ड अशा संगणकापुढे फार काळ टिकत नाही. म्हणून आपण मला एकमेकांशी संबंध नसलेले पाच मराठी शब्द निवडायला सांगितलेत आणि ते मी टाइप करत असताना तोंड फिरवून बसलात. आपला तो संकोच माझ्या कायम लक्षात राहील.

राउटरच्या पानाचे नाव आणि पासवर्ड दोन्ही 'अ‍ॅडमिन' होते, तेही बदलले. डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने उपकरण जोडण्याची सोय) बंद केले. त्याचा आठ अंकी पिन राउटर दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा अंक आधीच्या सातांवरून निघतो, त्यामुळे दहा कोटी शक्यतांऐवजी जेमतेम 11,000 उरतात, आणि हा दोष 2011 मध्येच उघड झालेला आहे, हे ऐकून मी थक्क झाले. डब्ल्यूपीए3 ही वायफायची नवी सुरक्षा-पद्धत माझ्या जुन्या प्रिंटरला झेपेना, म्हणून तिच्या आधीची डब्ल्यूपीए2 आणि एईएस हे सांकेतीकरण यांवर थांबलो. नेटवर्कचे नाव लपवावे का, असे मी विचारले होते. ते नाव आपले फोन स्वतःच हवेत पुकारत असतात, तेव्हा त्याचा भरवसा धरू नये, हे आपले उत्तर मी आता इतरांनाही सांगते.

निघताना आपण सानपाड्याची आठवण काढलीत. 26 जुलै 2008 रोजी अहमदाबादेत स्फोट होण्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना गेलेल्या ईमेलचा माग सानपाड्यात राहणाऱ्या एका अमेरिकी नागरिकाच्या घरच्या वायफायपर्यंत आला होता. ईमेल त्याने पाठवलेला नव्हता, तरी चौकशीला त्यालाच सामोरे जावे लागले आणि त्याचा संगणक ताब्यात घेतला गेला. इतक्या जवळ घडलेली ही गोष्ट मी विसरून गेले होते. त्या रात्रीपर्यंत इंटरनेट मंद होणे हीच माझी तक्रार होती. आपल्या नावावरच्या जोडणीतून दुसरा काय करतो याचा जाब आधी आपल्याला विचारला जातो, हे तेव्हा उमगले.

सगळ्यात मोठे उपकार याचे की या दोन तासांत आपण कीबोर्डला हात लावला नाहीत; प्रत्येक बटण माझ्याकडून दाबून घेतलेत. त्यामुळे गेल्या आठवड्यात राउटरचे नवे फर्मवेअर (त्याच्या आतले सॉफ्टवेअर) मी एकटीने घातले आणि मुलाच्या मित्रांसाठी गेस्ट नेटवर्कही सुरू केले. सहा उपकरणांची नावे लिहिलेला आपल्या अक्षरातला तो कागद मी राउटरशेजारच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे, आणि दर महिन्याच्या 1 तारखेला यादी उघडून त्याच्याशी ताडून पाहते.

आपली,
दुसऱ्या मजल्यावरची शेजारीण