चिऊ, प्लेटलेट किती?

चिऊ,

रागवायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलोय. सकाळी तू म्हणालीस "ठीक आहे बाबा", दुपारी फोन उचलला नाहीस म्हणून तुझ्या रूममेटला लावला तर ती म्हणते, काका, डेंग्यू पॉझिटिव्ह आलाय, सांगितलं नाही तिने? प्लेटलेट किती ते तिलाही माहीत नव्हतं.

गणपतीत तू लॅपटॉपवर ते व्हर्च्युअल मशीन दाखवलंस, लॅपटॉपच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेला दुसरा कॉम्प्युटर. मी म्हटलं आत ना कार्ड ना वायर, मग आतल्या लिनक्स सिस्टिमला दिसतं काय? तू म्हणालीस ती बघत नाही, विचारते. पीसीआय बसवर, म्हणजे कार्डं जोडायच्या वाटेवर, ३२ जागा, एकेकीला विचारायचं कोण आहेस, कोणी नसेल तर नुसतं एफएफएफएफ, असेल तर कंपनीचा नंबर, इंटेलचा ८०८६, आणि कार्डाचा नंबर, त्यावरून ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, ठरतो. आणि उत्तर खरं कार्ड देतच नाही, मधला हायपरवायझर, म्हणजे ते व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, देतो, आतलीला पटतं. आम्ही टेलिफोन एक्सचेंजमध्ये फ्रेमवर उभं राहून तारांची एकेक जोडी अशीच टेस्ट करायचो. तू म्हणालीस "अगदी तेच!" आणि मी ते अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं, आईला विचार.

तुझं "ठीक आहे" पण मधलंच कोणीतरी देतंय असं वाटायला लागलंय. त्यापेक्षा ते व्हर्टआयओ, व्हर्च्युअल मशीनसाठीच बनवलेलं कार्ड, बरं, कुठल्या खऱ्या कार्डाची नक्कल नाही, १एएफ४ म्हणून सरळ सांगतं मी हे असं आहे. विंडोजला मात्र ते झेपलं नव्हतं, ड्रायव्हर देईपर्यंत डिस्कच दिसेना. मलाही झेपणार नाही असं वाटतं ना तुला?

अंगदुखीला ब्रुफेन घेऊ नकोस, पॅरासिटामॉलच. ताप उतरला की लगेच ऑफिसला पळू नकोस, खरं जपायचं तेव्हाच असतं, डॉक्टरांना विचारून रक्त परत तपास, आणि पाणी, आणि... झालं सुरू माझं लेक्चर. सॉरी. २६ वर्षांची आहेस.

२६ जुलैला, २००५ ला, शाळेतून तुला खांद्यावर घेऊन भांडुपला आलो, कमरेएवढं पाणी, तुझे दात वाजतायत आणि मी विचारलं की तू म्हणायचीस मी ठीक आहे बाबा. सहा वर्षांची. तेव्हा हात लावून कळायचं तरी.

उद्यान एक्स्प्रेसचं शनिवारचं वेटिंग ७ आहे, कन्फर्म झालं की निघतो, नको म्हणू नकोस. आईने मेतकूट भरून ठेवलंय. थर्मामीटर तुझ्या निळ्या पाऊचमध्ये आहे, मीच टाकला होता.

प्लेटलेट किती ते आकड्यात सांग.

बाबा