ओतण्याची घाई करू नकोस

नागपूर,
एप्रिल

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची आठही छायाचित्रे मिळाली. शिंगाडे काढणाऱ्या बाईची कमरेपासून वरची आकृती मेणात तयार झाली असून ती याच महिन्यात ब्राँझमध्ये ओतून घ्यायची आणि त्यासाठी पैसे हवेत, असे तू लिहिले आहेस. पैसे मी पाठवतो आहे. घाई मात्र करू नकोस. असे का म्हणतो ते पत्रातूनच लिहितो, कारण फोनवर तू मला मध्येच तोडतेस.

ब्राँझमध्ये काम टिकते तशी चूकही टिकते. तांबे आणि सुमारे 10 टक्के कथील यांचा रस 1100 अंशांच्या पुढे तापवून, मेण वितळवून रिकाम्या केलेल्या साच्यात सोडला, की मेणावर राहिलेला अंगठ्याचा ठसासुद्धा तो जसाच्या तसा उचलतो, आणि म्हणूनच आपण या धातूवर जीव टाकतो. पण खांद्याचा कोन चुकला असेल तर तोही तो तितक्याच इमानाने उचलतो. नंतर छिन्नी आणि कानस घेऊन बसलेल्या माणसाला सांधे लपवता येतात, अंगाचा तोल बदलता येत नाही.

मोहफुले वेचणारीची माझी मूर्ती तू लहानपणापासून पाहिली आहेस, पण तिच्या आधीच्या दोघी तू पाहिलेल्या नाहीत. पहिली मी कार्यशाळेत मॉडेल समोर बसवून केली. तिचे गुडघे वाकलेले होते, पाठ गोल होती, आणि काम सुबक झाले आहे असे सगळे म्हणाले. पुढच्या चैत्रात पेंचच्या बाजूच्या एका गावात मी पहाटे मोहाखाली जाऊन उभा राहिलो, तेव्हा कळले की वेचणाऱ्या बायका गुडघे वाकवतच नाहीत. पाय सरळ ठेवून त्या कमरेतून मोडतात, एक हात मांडीवर रोवलेला असतो, आणि दुसरी मूठ भरेपर्यंत टोपलीकडे वळत नाही. फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा आधीच जाळलेला असतो, त्यामुळे त्यांची पावले घोट्यापर्यंत राखेने करडी झालेली होती. शेवटच्या मूर्तीच्या घोट्यांपाशी जो फिका रंग दिसतो, आणि ज्याला एका समीक्षकाने पॅटिना, म्हणजे धातूवर चढवलेला रंग, नीट न बसल्याचा दोष म्हटले होते, तो त्या राखेचा आहे.

दुसरीचा तोल बरोबर होता. ती ओतताना गेली. ऐन ऑगस्टात ओतली, आणि मूठ उघडलेल्या हाताच्या तीन बोटांत धातू पोचलाच नाही. मी ओतणाऱ्याला नको नको ते बोललो. साचा दमट राहिला होता हे त्याच्याकडून झाले, पण बोटांच्या टोकांना हवा निघायला वाट ठेवायची होती ती मी ठेवली नव्हती, आणि हे कबूल करायला मला वर्ष लागले. त्याने मात्र तोंडातून शब्द न काढता ती मूर्ती फोडून पुन्हा मुशीत टाकली.

तुझ्या छायाचित्रांत चेहरा उत्तम आहे. कानामागचा चापलेला ओला केस तर मला जमला नसता. पण खांदे पाण्यातल्या बाईचे नाहीत, वर्गातल्या स्टुलावर बसलेल्या बाईचे आहेत. छातीभर पाण्यात शिंगाड्याची वेल एका हाताने उचलून दुसऱ्या हाताने पानांखालचे फळ तोडायचे असते, तेव्हा कोपर पाण्याच्या पातळीला येते आणि खांदे कानांकडे चढतात. तू आकृती कमरेवर संपवली आहेस, म्हणजे पाणी तू दाखवणार नाहीस. मग ते या खांद्यांतूनच दिसले पाहिजे.

तू लिहितेस की मेणावर इतका वेळ घालवणे जुनाट आहे. मेणाची पद्धत जुनी आहेच. 12व्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मेणाच्या वजनावरून धातूचे वजन काढण्याचा हिशेब दिलेला आहे, आणि मेणाच्या एका किलोला नऊ-दहा किलो ब्राँझ धरणारे आपण तोच हिशेब आजही करतो. शिल्पकार मीरा मुखर्जी म्युनिकला शिकून आल्या आणि नंतर बस्तरच्या घडव्यांकडे, म्हणजे धातू ओतणाऱ्या कारागिरांकडे, बसून मातीच्या गाभ्यावर मेणाची दोरी गुंडाळायला शिकल्या. ती दोरी त्यांनी पुढे मोठ्या मूर्तींच्या अंगावरही राहू दिली, गुळगुळीत केली नाही, आणि त्यांची माणसे नांगरलेल्या शेतासारखी दिसतात ती त्यामुळे. बडोद्याच्या वाचनालयात त्यांची छायाचित्रे नक्की असतील, ती काढून पाहा. सुट्टीत आलीस की इथल्या अजबबंगल्यात, संग्रहालयात, जाऊ. रामटेकजवळच्या हमलापुरीला सापडलेल्या ब्राँझच्या बुद्धमूर्ती तिथे आहेत. मुद्रा सगळेच पाहतात. तू चीवर अंगाला कुठे चिकटते आणि कुठे सुटते तेवढेच पाहा.

शिंगाडा भाद्रपद उलटल्यावर निघतो. तेव्हा आठ दिवसांची रजा काढून ये. भंडाऱ्याच्या बाजूला एका तलावावर माझी ओळख आहे, पहाटे तिथे जाऊन बसू. वहीत फक्त खांदे काढ, चेहरे नकोत. परत गेल्यावर मेणात बदल कर आणि साचा थंडीत, कोरड्या हवेत भर. परीक्षेच्या मुदतीसाठी हवे असेल तर सध्याचीच आकृती प्लॅस्टरमध्ये दे. त्यात कमीपणा काही नाही.

मेण मात्र येताना बरोबर आणू नकोस, आणि उन्हाळाभर तिथेच कूलरच्या खोलीत, मानेखाली उशी देऊन, आडवे ठेव. मेण कडक व्हावे म्हणून राळ जास्त घातली असलीस तरी भरवसा धरू नकोस. मागच्या मे महिन्यात मी जेवायला घरात आलो तेवढ्यात बाकावरच्या हरणाची मान छातीला टेकली होती, आणि आई अजून म्हणते की तेच रूप जास्त चांगले होते.

तुझा,
बाबा