चीजचं चीज

मा. संपादक,

काल रविवारच्या पुरवणीतला दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडवरचा लेख वाचला आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. नातवाच्या मोबाईलवर टाईप करतेय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या, तुमच्याही मी सांभाळून घेतेच.

लेखक महाशय म्हणतात की स्वच्छता शिकावी तर इंग्रजांकडून. युद्ध संपल्या संपल्या त्यांनी रेशन गुंडाळलं आणि शहरं कशी चकाचक उभी केली म्हणे. हे स्वतः २०११ ला तीन आठवडे राहून आलेत, असं त्यांनीच लिहिलंय. छान. मी १९५२ ते १९५९ तिथल्या कॉव्हेंट्री शहरात वाढले, गेले तेव्हा सात वर्षांची होते, वडील तिथे मोटारीच्या कारखान्यात होते. (कॉव्हेंट्री. तुम्ही छापलंय तसं 'कोवेंट्री' नाही. आणि तेव्हाचा तो जिल्हा 'वॉर्विकशायर' पण नाही, वॉरिकशायर. मी शाळेत पहिल्या दिवशी तुमच्यासारखंच म्हटलं होतं आणि अख्खा वर्ग हसला होता.)

रेशन १९४५ ला संपलं म्हणता? अहो, ब्रेड तर युद्धात कधी रेशनवर नव्हता, तो आला १९४६ ला, युद्ध जिंकल्यावर! आम्ही बोटीतून उतरलो तेव्हा चौघांना चार रेशनबुकं मिळाली. गोळ्या-चॉकलेटं मोकळी झाली फेब्रुवारी १९५३ मध्ये, साखर त्याच वर्षी सप्टेंबरात, आणि मटण सगळ्यात शेवटी, जुलै १९५४ ला.

आता स्वच्छतेबद्दल. आम्ही एका बाईंच्या घरात वरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. बाई रोज सकाळी गुडघ्यावर बसून रस्त्याकडचा उंबरा घासायच्या, त्यात चेहरा दिसेल इतका. आंघोळ मात्र शनिवारी. आठवड्यातून एकदा. त्यांचीही आणि आमचीही. टबात आतून काळ्या रंगाची रेघ मारलेली होती, पाच इंचावर, तिच्यावर पाणी गेलेलं चालायचं नाही. ही युद्धातली सरकारी सूचना, पण युद्ध संपून सात वर्षं झाली तरी रेघ तिथेच आणि बाईही तिथेच. वर एकाचं झालं की त्याच पाण्यात दुसऱ्याने बसायचं! आई म्हणाली, म्हशी बसतात डबक्यात, आपण नाही.

आईने पुण्याहून पितळी तांब्या नेला होता. ती टबात उभी राहून तांब्याने आंघोळ करायची, मग व्हायचं ते झालं, पाणी लाकडी जमिनीतून झिरपून खाली बाईंच्या दिवाणखान्याच्या छतावर मोठा पिवळा डाग पडला आणि दुसऱ्या दिवशी बाथरूमला कुलूप. किल्ली शनिवारी मिळणार. एरवी आम्ही बहिणी स्वयंपाकाच्या ओट्याशी किटलीभर पाण्यात अंग पुसायचो. आणि तिथली हवा म्हणजे कोळशाचा धूर, सकाळी घातलेली कॉलर संध्याकाळी काळी, रुमालात नाक शिंकरलं की काजळी. चकाचक म्हणे!

पण माझी आई काही कमी नव्हती. आम्ही शाकाहारी म्हणून नाव नोंदवलं होतं (वडील कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये काय खायचे ते आईने कधी विचारलं नाही). मटणाची कुपनं सोडायची आणि त्याबदली जास्तीचं चीज मिळायचं. इतरांना आठवड्याला जेमतेम काडेपेटीएवढा तुकडा मिळायचा, आमच्याकडे ढीग, आणि आमच्या घरात ते कोणी तोंडात घेईना, मला तर साबण खाल्ल्यासारखं वाटायचं. बाईंचा मात्र चीजवर भारी जीव. आईला तेव्हा इंग्रजी चाळीस शब्द येत असतील, तेवढ्यात तिने सौदा जमवला. चीज बाईंना, किल्ली आम्हाला बुधवारीही. आमच्या चीजचं असं चीज झालं. दीड वर्ष आम्ही आठवड्यातून दोनदा आंघोळ करायचो, गीझरच्या मीटरमध्ये शिलिंग टाकायचं आणि नळाखाली हात धरून बसायचं.

मग १९५४ च्या मे महिन्यात चीजचं रेशन उठलं. बाईंनी शांतपणे सांगितलं, आता मी दुकानातून आणीन. बुधवारची किल्ली बंद. सगळं इंग्लंड रेशन संपतंय म्हणून खूश होतं आणि आमची आई जिन्यात बसून रडत होती.

बाई वाईट नव्हत्या हो. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री कॉव्हेंट्रीवर अकरा तास बॉम्ब पडत होते, पाचशेच्या वर माणसं गेली, तेव्हा बाई जिन्याखालच्या कपाटात पोटाशी मांजर धरून बसून होत्या. नंतर कित्येक दिवस नळाला पाणी नव्हतं. हे त्यांनी आईला खूप उशिरा सांगितलं, आम्ही घर सोडायच्या आठवड्यात. त्यानंतर आई त्या रेघेबद्दल काही बोलली नाही. नव्या घरात बाथरूमच नव्हती, परसात खिळ्याला पत्र्याचा टब टांगलेला. त्यात विशेष काही नाही, १९५१ च्या जनगणनेत इंग्लंडातल्या एक तृतीयांशाहून जास्त घरांत आंघोळीचा बसवलेला टबच नव्हता. हे लेखात का नाही?

आणि चकाचक शहर? शाळेच्या वाटेवर पडक्या घरांच्या मोकळ्या जागा होत्या, उन्हाळ्यात गुलाबी-जांभळ्या फुलांनी भरलेल्या. आम्ही तिथेच खेळायचो. मी भारतात परत आले तेव्हाही नवीन कॅथीड्रलचं, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चचं, काम चालूच होतं, ते पुरं झालं १९६२ ला. लेखासोबत फोटो मात्र लंडनच्या लाल बसचा. कॉव्हेंट्रीचा एक फोटो मिळाला नाही तुम्हाला?

बाकी पाण्याचा विषय निघालाच आहे तर, मार्चमध्ये आमच्या सोसायटीच्या टँकरबद्दल मी पत्र पाठवलं होतं, ते तुम्ही छापलं नाही. ठीक आहे. पण गुरुवारी पाणी बंद राहणार ही बातमी तुम्ही शुक्रवारच्या अंकात छापता, ती तरी बुधवारी छापत जा.

आपली,
एक जुनी वर्गणीदार, पुणे