गोंधळाला फक्त नऊ मिनिटं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या शनिवारी बाणेरच्या बाजूला एका छोट्या म्युझिक क्लबमध्ये कार्यक्रमाला गेलो होतो, एकाच तिकिटात पाच-सहा वेगवेगळे कलाकार, मागच्या अंगणात पत्र्याखाली शंभरेक खुर्च्या. आधी हे सांगतो की असे कार्यक्रम पुण्यात व्हायलाच हवेत. सोलो हार्मोनियम झालं, कॉलेजच्या पोरांचा बँड झाला, मग दोन पोरांनी मराठीत रॅप केलं, पाण्याच्या टँकरवर आणि घरभाड्यावर, अस्सल आपल्या बोलीत, माझ्या शेजारी बसलेले सत्तरीचे काका पुढे सरकून ऐकत होते. एक मुलगी नुसत्या तोंडाने ढोलकी वाजवत होती, बीटबॉक्सिंग म्हणतात ना ते, आणि मधेच तिने तीच लय हळू करून भजनी ठेका धरला तेव्हा सगळ्या अंगणाने टाळ्यांवर साथ दिली. एवढं सगळं एका रात्रीत दुसरीकडे कुठे ऐकायला मिळणार?

पण पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. सगळ्यात शेवटी गोंधळी होते, देवीचा गोंधळ घालणारे. चौघं जण, संबळ, तुणतुणं, दिमडी घेऊन, मराठवाड्यातून एसटीने आलेले. जाहिरातीत वेळ सातची होती, सुरू झालं सात पन्नासला. त्यात प्रत्येक बदलाला दहा-बारा मिनिटं जात होती कारण ड्रम सेटचे माईक काढा, वायरी गुंडाळा, परत लावा. गोंधळी स्टेजवर आले तेव्हा घड्याळात नऊ एकावन्न झालेले. आणि दहाला साऊंड बंद.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, गोंधळाची सुरुवातच मुळी आवाहनाने होते. तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, गावोगावच्या देवांना नाव घेऊन गोंधळाला या म्हणून बोलवायचं असतं, मग पुढे कथा, आख्यान, पहाटेपर्यंत. त्या नऊ मिनिटांत देव बोलवून झाले आणि तेवढ्यात कोपऱ्यातून हात हलवून थांबा अशी खूण झाली. वयस्कर गोंधळ्याने काही न बोलता हात जोडले आणि संबळावर कापड टाकून गाठ मारली, ती गाठ अजून डोळ्यासमोर आहे.

संबळाला माईक पण एकच होता, तोही गाण्यासाठीचा, स्टँडवर वाकवून ठेवलेला. संबळ म्हणजे जोडीचं वाद्य आहे हो, एक बारीक तडतडणारा आणि दुसरा घुमणारा, त्या घुमणाऱ्याला माईकच नाही म्हटल्यावर मागे बसलेल्यांना निम्माच संबळ ऐकू आला. बँडच्या ड्रमला मी मोजले, पाच माईक होते.

दहाच्या नियमाला माझा अजिबात विरोध नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर लावता येत नाही, राहत्या वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, बारापर्यंतची सूट सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस देऊ शकतं. माझे वडील आजारी होते तेव्हा ह्या नियमाची किंमत मला कळली आहे. पण नियम काही त्या रात्री अचानक आला नाही ना! सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून आहे, एकेकाळी रात्र-रात्र चालायचा, पहाटेचे राग पहाटे ऐकलेले लोक आजही पुण्यात आहेत. दहाचं बंधन आल्यावर आयोजकांनी दुपारी सुरू करायला घेतलं, म्हणजे गायकाला अर्ध्यात उठवायची वेळ येऊ नये. मग शंभर खुर्च्यांच्या क्लबला पन्नास मिनिटं उशीर का परवडतो, आणि तो उशीर दर वेळी शेवटच्या कलाकाराच्याच वाट्याला का जातो?

क्लबवाले तरुण आहेत, मनापासून करतात, गोंधळी बोलवायचं त्यांना सुचलं ह्याचंच मला कौतुक वाटतं, नाहीतर शहरात लग्नानंतरचा गोंधळ सोडला तर हे लोक दिसतात कुठे. म्हणूनच सांगतोय. लांबून आलेल्या कलाकाराला आधी बसवा. ज्यांना माईक कमी लागतात त्यांचं आधी उरकून घ्या म्हणजे अदलाबदलीत वेळ जाणार नाही, बँड शेवटी ठेवा, पोरं इथलीच आहेत, परत येतील. संबळाला दोन माईक द्या.

आणि त्याच चौघांना परत बोलवा, ह्या वेळी सलग दोन तास द्या. जाण्यायेण्याच्या खर्चाला वर्गणी लागली तर माझी पहिली धरा, आम्ही घरचे चौघं तिकीट काढून सातच्या आधी खुर्चीत असू.

आपला,
एक श्रोता, कर्वेनगर, पुणे