हिरव्या काठाची पिशवी आणि एआयच्या जाहिराती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत एआय आणि ब्रँड मार्केटिंगवरचा लेख वाचला. लेखकांचं म्हणणं असं की आता लातूर-जालन्याच्या छोट्या धंदेवाल्यालाही मोठ्या कंपनीसारख्या जाहिराती करता येतील, एका दिवसात शंभर जाहिराती बनवा, मशीनच सांगेल कुठली चालते ती. मला हे अर्धंच पटलं आणि उरलेल्या अर्ध्याची मी किंमत मोजलेली आहे, म्हणून लिहितोय.

मी लातूरला तूरडाळ पॅक करून विकतो. वडिलांची मोंढ्यात आडत होती, त्यांनीच आमची पिवळी पिशवी काढली, हिरव्या काठाची. आजही म्हाताऱ्या बाया दुकानात नातवाला पाठवतात तर नाव सांगत नाहीत, "हिरव्या काठाची आण" एवढंच सांगतात. मागच्या वर्षी पुतण्याच्या आग्रहाने एका एजन्सीला महिन्याला १५,००० रुपये देऊन एआयवाल्या जाहिराती सुरू केल्या. त्यांनी काय केलं तर प्रत्येक जाहिरातीत पिशवीचा रंग वेगळा, अक्षरं वेगळी, कुठे शेतकरी कुठे आजी कुठे शेफ, का तर म्हणे टेस्टिंग चालू आहे, ज्यावर जास्त क्लिक येतील ते ठेवू. क्लिक आले, ऑर्डरी पण आल्या पुण्या-मुंबईहून, नाही म्हणत नाही. पण दुसऱ्यांदा डाळ मागवणारे फार थोडे निघाले, कारण पहिल्यांदा कुणाची डाळ घेतली हेच त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

मग आली येळवस, म्हणजे वेळा अमावस्या. आपल्याकडे लातूर-धाराशिवला त्या दिवशी काय असतं हे तुमच्या वाचकांना सांगायला नको, शेतात कडब्याची कोप म्हणजे खोपटं, आत पाच पांडव, भाज्यांची भज्जी, आंबिलीचं बिंदगं म्हणजे मडकं, सगळा गाव रानात. आणि आमच्या नावाने जे चित्र गेलं त्यात अंगणात पणत्या, रांगोळी आणि उलट्या पदराची साडी नेसलेली बाई! औशाच्या एका जुन्या गिऱ्हाईकाचा फोन आला, "मालक, तुम्ही इथलेच ना?" मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. वर तीच बाई, तोच चेहरा, दोन दिवसांनी दुसऱ्या एका मसालेवाल्याच्या पोस्टवर दिसली.

मला वाटतं खरा वाद इथे आहे. एक विचार म्हणतो माणूस बघून जाहिरात बदला, आत्ता विका, हिशोब संध्याकाळी बघा. दुसरा म्हणतो एकच नाव, एकच रंग, एकच गोष्ट वर्षानुवर्षं दाखवत राहा, म्हणजे गरज पडली की तुमचंच नाव तोंडात येईल. ब्रिटनमध्ये लेस बिने आणि पीटर फील्ड या दोघांनी २०१३ मध्ये जवळपास हजार मोहिमांचा अभ्यास करून सांगितलं होतं की शंभरातले साधारण ६० रुपये नाव मनात बसवायला आणि ४० लगेचच्या विक्रीला घाला. धंद्याप्रमाणे हे कमीजास्त होणारच. पण आपल्याकडे आता शंभरचे शंभर लगेचच्या विक्रीत चाललेत, कारण तिथला आकडा मोबाईलवर रोज दिसतो आणि नाव बसल्याचा आकडा कुठेच दिसत नाही. आणि जाहिरात बनवणं सगळ्यांनाच इतकं स्वस्त झाल्यावर नुसत्या चकचकीत जाहिरातीने वेगळं कोण दिसणार?

एआय वाईट आहे असं मी म्हणत नाही. २०२१ च्या दिवाळीत कॅडबरीने शाहरुख खानचा चेहरा आणि आवाज एआयने वापरून गल्लीतल्या दुकानांची नावं त्याच्या तोंडी घातली होती, ती कल्पना मला आजही आवडते, कारण नाव त्या दुकानदाराचं खरं होतं आणि दुकानही खरं होतं. उलट २०२४ च्या ख्रिसमसला कोकाकोलाने जुनी ट्रकवाली जाहिरात एआयने केली तर बऱ्याच लोकांना ती निर्जीव वाटली. मी स्वतः बिदर-भालकीच्या गिऱ्हाईकांसाठी कन्नड मजकूर एआयकडून करून घेतो, फक्त उदगीरच्या एका मास्तरांकडून तपासून मगच पाठवतो.

आता तिसरं एक नवीन आलंय. लोक दुकानदाराला न विचारता चॅटबॉटला, म्हणजे प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या एआयला, विचारतात कुठली डाळ चांगली, गुगलवर पण २०२४ पासून वरतीच एआयचं उत्तर येतं. म्हणून काही एजन्सीवाले सांगतात आम्ही तुमच्या नावाचे दोनशे लेख एआयने लिहून नेटवर टाकतो, मशीन तुमचंच नाव सांगेल. मी नाही म्हणालो, खोट्या कौतुकाने नेट भरायचं आणि त्याच्यावर लेकरांनी विश्वास ठेवायचा हे मला जमणार नाही. पण मी एका चॅटबॉटला मराठीत विचारून बघितलं की आमच्याच जिल्ह्यातली बोरसुरी गावची तूरडाळ ओळखायची कशी, तर कुठल्याही तूरडाळीला लागू पडेल असं सरसकट उत्तर मिळालं. याचा दोष मी मशीनला देत नाही, त्याने वाचावं असं मराठीत आपण लिहिलंच कुठे?

निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या डाळीला २०२४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पानचिंचोलीच्या चिंचेलाही मिळालं, बीडचं सीताफळ आणि जालन्याची मोसंबी तर आधीपासून आहेत. जीआय मिळाल्यावरही प्रत्येक शेतकऱ्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते, हे किती जणांना माहितीये? दाणा कसा असतो, शिजायला किती वेळ लागतो, तेलपाणी लावून वाळवून भरडायची पद्धत काय, फटका डाळ आणि साधी डाळ यात फरक काय, हे सगळं मोंढ्यातल्या माणसांच्या तोंडात आहे, कागदावर नाही. उद्योजकांच्या शिबिरात मात्र रील कसं बनवायचं एवढंच शिकवतात.

तर माझी विनंती अशी की तुम्ही मराठवाड्यातल्या या जीआय मालावर एक लेखमाला सुरू करा, शेतकऱ्याशी बोलून, शेतात काढलेल्या फोटोंसकट, आणि ती नेटवर सगळ्यांना फुकट वाचता येईल अशी ठेवा. परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या माणसांना त्यात लिहायला सांगा. बोरसुरीच्या डाळीची माहिती गोळा करून द्यायला मी तयार आहे, त्यात माझ्या दुकानाचं नाव नसलं तरी चालेल. येत्या येळवशीच्या आधी पहिला लेख आला तर कोपीचा फोटो मी स्वतः काढून पाठवीन.

आपला,
एक डाळ विक्रेता, लातूर